मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर शांत गाव निवडताय? या चुका टाळा

सायुलितात गर्दी फार, म्हणून पाच-सहा किलोमीटर पुढचं सान पांचो. तिथलेही भाव चढले, म्हणून लो दे मार्कोस. पुएर्तो वायार्ता या शहराच्या उत्तरेला सुट्टी ठरवताना बहुतेक जण नकाशावर असे एकेक गाव पुढे सरकत जातात. सरकायला हरकत नाही. पण या किनाऱ्यावर जे गाव अजून शांत आहे, ते कशामुळे तरी शांत राहिलंय. समुद्र पोहण्याजोगा नसेल, विमानतळ लांब असेल, संध्याकाळी चावणाऱ्या बारीक माश्या असतील, किंवा तुम्ही बघताय तो महिनाच पावसाचा असेल. ते कारण आपल्याला चालणारं आहे का, हे पैसे भरण्याआधी शोधा.

फोटोवरून समुद्र ओळखणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. वाहाका आणि गेरेरो या राज्यांचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. मे ते ऑक्टोबरमध्ये दक्षिण गोलार्धातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर पार करून थेट त्याच्यावर येतात. वारा पडलेला असतो, आभाळ निरभ्र असतं, तरी समुद्र उसळत असतो. त्यात बऱ्याच ठिकाणी तळ काठापासूनच खोल होत जातो. अशा जागी लाट पार काठाशी येऊन फुटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूसही पडतो.

वाहाकातल्या पुएर्तो एस्कोंदिदोचा सिकातेला किनारा सर्फिंगसाठी जगभर नावाजलेला आहे आणि त्याच कारणासाठी पोहायला धोक्याचा आहे. त्याच राज्यातल्या सिपोलितेला आत ओढणारे प्रवाह कुख्यात आहेत. (सिपोलिते हा विवस्त्र वावरण्याची मुभा असलेला किनारा आहे. सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हेही आधी माहीत असलेलं बरं.) सान पांचोचं गाव देखणं, पण काठावरची लाट जोरकस. लहान मुलांना तिथे कंबरभर पाण्यात सोडता येत नाही.

पोहणं हाच मुख्य उद्देश असेल तर आडोसा असलेला किनारा निवडा: नायारितमध्ये रिंकोन दे ग्वायाबितोस, हालिस्कोत ला मान्सानिया आणि तेनाकातिता, गेरेरोत सिवातानेहोचा ला रोपा, वाहाकात वातुल्कोमधला ला एन्त्रेगा. पुएर्तो एस्कोंदिदोतच राहायचं असेल तर कारिसालियोची छोटी खाडी आहे. फक्त तिथे उतरायला दीडशेहून जास्त पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

नवीन गावाची परीक्षा घरबसल्या करता येते. उपग्रह नकाशा उघडा. किनारा सरळसोट आणि समोर उघडा समुद्र असेल, वाळूला लागून पांढऱ्या फेसाचा जाड पट्टा दिसत असेल, तर तो फिरण्याचा किनारा समजा, पोहण्याचा नव्हे. दोन्ही बाजूंनी डोंगराच्या सोंडा पुढे आलेल्या आणि मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचं पाणी असेल तर आशा आहे. मग मुक्कामाच्या जागेच्या मालकाला एकच नेमका प्रश्न विचारा: “ऑगस्टमध्ये तिथली स्थानिक मुलं कुठे पोहतात?” उत्तरात दुसऱ्याच गावाचं नाव आलं, तर समजून जा.

काठावर झेंडे लावलेले असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. लहान गावांत मात्र झेंडाही नसतो आणि जीवरक्षकही नसतो. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दमछाक तिथेच होते. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वळा. नदी किंवा खाजण जिथे समुद्राला मिळतं तिथे पाण्यात जाऊच नका. मोठ्या पावसानंतर सांडपाणी तिथूनच येतं आणि मगरीही असतात. ला मान्सानियाच्या खारफुटीत तर त्या बघायला लोक मुद्दाम जातात.

नावात गोंधळ

मान्सानियो हे कोलिमा राज्यातलं मोठं बंदर. ला मान्सानिया हे त्याच्या उत्तरेचं, हालिस्को राज्यातलं छोटं गाव. आणि प्लाया मान्सानियो हा पुएर्तो एस्कोंदिदोतला एक किनारा, शेकडो किलोमीटर दूर. तसंच पुएर्तो आन्हेल हे गाव, तर पुएर्तो आन्हेलितो हा पुन्हा पुएर्तो एस्कोंदिदोतलाच किनारा. ‘बार्रा’नं सुरू होणारी गावं तर जागोजाग आहेत: बार्रा दे नाविदाद हालिस्कोत, बार्रा दे पोतोसी गेरेरोत, बार्रा दे ला क्रुस वाहाकात. बुकिंग करताना गावाच्या नावापुढे राज्याचं नाव आणि जवळचा विमानतळ, दोन्ही तपासा. ला मान्सानिया, मेलाके आणि बार्रा दे नाविदादला मान्सानियोचा विमानतळ सोयीचा पडतो. पुएर्तो वायार्ताला उतरलात तर पुढे जवळपास चार तास वळणांचा रस्ता आहे. वाहाकातल्या मासुंते, सान आगुस्तिनियो आणि सिपोलितेला वातुल्कोहून साधारण तासाभरात पोचता येतं. पुएर्तो एस्कोंदिदोहून थोडा जास्त वेळ लागतो.

तारखा न बघणं

ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता, आणि त्याला लागूनच नंतरचा आठवडा. या पंधरवड्यात अर्धा मेक्सिको समुद्रावर असतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे २० मार्च ते ४ एप्रिल हे दिवस शांततेच्या शोधातल्या माणसानं विसरावेत. २० डिसेंबर ते ६ जानेवारीचंही तेच. फेब्रुवारीचा पहिला सोमवार, मार्चचा तिसरा आणि नोव्हेंबरचा तिसरा सोमवार सरकारी सुट्टीचे, त्यामुळे लाँग वीकेंड. ग्वायाबितोस म्हणजे ग्वादालाहारा आणि तेपिकच्या कुटुंबांचं अलिबाग. मंगळवारी निवांत, शनिवारी पाय ठेवायला जागा नाही.

मेलाकेत वेगळीच अडचण असते. गावाचा संरक्षक संत पॅट्रिक, आणि त्याचा उत्सव १७ मार्चपर्यंत आठवडाभराहून जास्त चालतो. रोज रात्री बँड, फटाके, बैलांचे खेळ. उत्सव बघायला जाणार असाल तर उत्तम. झोपायला जाणार असाल तर नाही.

मग स्वस्त म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर? पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असतो. पॅट्रिशिया २०१५ च्या ऑक्टोबरात हालिस्कोच्या किनाऱ्यावर आलं, लिडिया २०२३ च्या ऑक्टोबरात पुएर्तो वायार्ताच्या दक्षिणेला, आणि त्याच महिन्यात ओटिसनं आकापुल्को उद्ध्वस्त केलं. हंगामाची सुरुवात सुरक्षित असते असंही नाही. अगाथा २०२२ च्या मे अखेरीला पुएर्तो आन्हेलजवळ, म्हणजे मासुंते-सिपोलितेच्या दारातच धडकलं. या महिन्यांत जायचंच असेल तर पैसे परत मिळणारं बुकिंग करा आणि वादळाला नाव पडण्याआधी विमा घ्या. नाव पडल्यावर घेतलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत. शिवाय सप्टेंबरात लहान गावांतली निम्म्या खानावळी बंद असतात.

नोव्हेंबरचा लाँग वीकेंड संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ आमच्या मते सगळ्यांत चांगला. डोंगर अजून हिरवे, पाऊस थांबलेला, आणि थंडीतून पळून येणारे कॅनेडियन अजून पोचायचे असतात. ते जानेवारी ते मार्च मेलाके, ग्वायाबितोस, बुसेरियास भरून टाकतात.

जुन्या माहितीवर विसंबणं

वाहाका शहरापासून पुएर्तो एस्कोंदिदोला पूर्वी घाटातून सहा-सात तास लागत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग सुरू झाला आणि हे अंतर तीन तासांच्या आसपास आलं. म्हणजे शहरातली मंडळी आता शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्रीच्या जेवणाला समुद्रावर असतात. ‘इथे पोचणंच अवघड, म्हणून शांत’ असं सांगणारे लेख त्याआधीचे आहेत. कुठल्याही गावाबद्दल वाचताना तारीख बघा. गेल्या तीन-चार महिन्यांतले अभिप्राय, स्पॅनिशमधले भाषांतर करून, वाचा. त्यात संगीत, कोंबडे, बांधकाम आणि जनरेटर हे शब्द शोधा. लहान गाव म्हणजे आवाज नाही असं मुळीच नाही. पहाटे चारला कोंबडे, सकाळी गॅस सिलिंडरच्या गाडीची धून, रविवारी शेजारच्या अंगणातलं बांदा (ब्रास बँडचं) संगीत, हे गावाचं रोजचंच जगणं आहे. किनारपट्टीनं जाणाऱ्या महामार्ग २०० ला लागून असलेली खोली मात्र टाळाच, ट्रक रात्रभर चालतात.

पोचण्यातल्या चुका

मेक्सिको सिटीला दोन विमानतळ आहेत, जुना बेनितो हुआरेस आणि २०२२ मध्ये सुरू झालेला फेलिपे आन्हेलेस. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर मध्ये शहराची वाहतूक आहे. पाच तासांहून कमी अंतर ठेवू नका. एकाच विमानतळावर बदल असला तरी पासपोर्ट तपासणी आणि कस्टम्स देशात पहिल्यांदा उतरता तिथेच होतात. बॅग तिथे उचलून पुन्हा द्यावी लागते.

पुएर्तो वायार्ताच्या विमानतळावर कस्टम्सनंतरच्या दालनात ‘टॅक्सी?’, ‘हॉटेल कुठलं?’ असं विचारणारे गणवेशातले लोक टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा, विकणारे असतात. न थांबता बाहेर पडा.

भाड्याची गाडी इंटरनेटवर दिवसाला दहा डॉलरला दिसते, पण त्यात तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा धरलेला नसतो. तो मेक्सिकोत सक्तीचा आहे आणि क्रेडिट कार्डाचा विमा त्याला सहसा चालत नाही. म्हणून काउंटरवर बिल दुप्पट-तिप्पट होतं. आधीच विम्यासह भाव मागा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचेल असं विमान निवडा. गावाच्या तोंडाशी ‘तोपे’ म्हणजे उंच गतिरोधक असतात, बऱ्याचदा रंग उडालेले, आणि रात्री रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

येलापा या किनाऱ्यावरच्या गावाला बोका दे तोमात्लानहून किंवा पुएर्तो वायार्ताहून होडीनं जातात. शेवटची होडी लवकर सुटते, म्हणून उशिराच्या विमानानं येणाऱ्यांनी पहिली रात्र शहरात काढावी. नायारितमध्ये घड्याळाचीही गंमत आहे. बाहिया दे बांदेरास तालुका, म्हणजे सायुलिता-सान पांचोचा पट्टा, राज्याच्या उरलेल्या भागापेक्षा एक तास पुढे आहे. त्या उरलेल्या भागातल्या सान ब्लासहून परतताना बसची वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारा.

व्हिसा आणि विमा

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल, किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. अमेरिकेतले मराठी लोक अडतात ते एच-१बीवर. मंजुरीचा कागद हातात आहे, पण पासपोर्टावरचा शिक्का संपलेला. तो कागद मेक्सिकोला पुरत नाही. मुदत संपलेल्या शिक्क्यावर ३० दिवसांत मेक्सिकोहून परत येण्याची सवलत ही अमेरिकेत शिरण्याची आहे, मेक्सिकोत शिरण्याची नव्हे.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा सूचना राज्यवार असतात. सिवातानेहो आणि त्रोंकोनेस ज्या गेरेरो राज्यात येतात, ते बरीच वर्षं सगळ्यांत वरच्या, ‘जाऊ नका’ या पातळीवर आहे. तरीही तिथे जाणारे पुष्कळ आहेत, पण काही विमा कंपन्या अशा पातळीवरचं राज्य वगळतात. पॉलिसीतलं ते कलम वाचून मगच ठरवा.

गावातल्या बारीकसारीक अडचणी

एटीएम एखाददुसरंच असतं आणि सुट्टीच्या शनिवारी रिकामं. मासुंते परिसरात राहणाऱ्यांनी जवळच्या पोचुत्ला गावातच बँकेतून पैसे काढावेत. मशीन डॉलरमध्ये रूपांतर करू का विचारतं तेव्हा नकार द्या, भाव वाईट असतो. पाचशे पेसोची नोट टपरीवर मोडत नाही. नळाचं पाणी पिऊ नका, वीस लिटरचा जार मागवा. शाकाहाऱ्यांनी राजम्यासारखे दिसणारे फ्रिहोलेस डुकराच्या चरबीत परतलेत का आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का, हे दोन प्रश्न रोज विचारावेत. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही.

सान ब्लासच्या ‘हेहेनेस’ माश्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत येतात. पहाटे आणि सूर्यास्ताला लांब बाह्यांचे कपडे घाला, नाहीतर दुसरं गाव बघा. विंचू या पट्ट्यात सर्रास असतात. बूट झटकून घाला आणि चावला तर थांबून न बघता आरोग्य केंद्र गाठा, तिथे प्रतिविष असतं. हा भूकंपाचा किनाराही आहे. जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला तर सूचनेची वाट न बघता उंचावर जा. मदतीचा क्रमांक ९११.

पोचल्यावर चूक लक्षात आली तर

सलग आठ रात्री एकाच ठिकाणी आधीच भरून टाकू नका. गर्दीचा हंगाम नसेल तर पहिल्या तीनच घ्या. सिपोलितेत पाण्यात उतरता येत नसेल तर कामिओनेता, म्हणजे मागे बाकं टाकलेली सहा आसनी-दहा आसनी पिकअप, पकडून सान आगुस्तिनियो गाठा, किंवा पुएर्तो आन्हेलजवळच्या एस्ताकावितेच्या खाड्यांत जा. सान पांचोहून ग्वायाबितोस आणि त्रोंकोनेसहून ला रोपा दिवसाभरात करून येण्यासारखे आहेत. आणि हॉटेलवाला ‘हा किनारा खासगी’ म्हणून अडवत असेल तर ऐकू नका. मेक्सिकोत किनारे सार्वजनिक आहेत. छत्री-खुर्ची मात्र पलापावाल्याची, म्हणजे काठावरच्या झावळ्यांच्या छपराच्या खानावळीची असते आणि तिच्यावर किमान खर्चाची अट असते. किती, ते बसण्याआधी विचारा.