ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचे स्ट्रट आणि शॉकॲब्सॉर्बर घरी बदलताना

खानदेशातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरचे डांबर शाबूत दिसत असले तरी रस्त्यावर लाटा उठतात. रावेर-यावलकडे केळीच्या ट्रकांनी दबलेले रस्ते, तोरणमाळची चढण आणि चाळीसगावहून वर जाणारा कन्नड घाट ज्या गाडीच्या नित्याच्या वाटेवर आहेत, तिचे शॉकॲब्सॉर्बर सपाट महामार्गावरच्या गाडीपेक्षा लवकर थकतात. स्ट्रटच्या (म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) नळीवर तेल झिरपून त्यावर काळ्या धुळीचा ओलसर थर बसलेला दिसणे, टायरच्या कडेला हाताला लागतील असे खोलगट चट्टे पडणे आणि गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावणे, ही बदलण्याची वेळ झाल्याची लक्षणे आहेत. नुसत्या धुळीचा कोरडा थर हा दोष नव्हे. तो पुसून काही दिवसांनी पुन्हा पाहावे.

ज्याला ब्रेक पॅड बदलता येतात आणि ज्याच्याकडे चांगली हत्यारे आहेत, त्याला हे काम घरी जमते. मात्र ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीत, पुढच्या चाकांप्रमाणे मागच्या चाकांनाही ताकद पोहोचवणारे दांडे, म्हणजे एक्सल, असतात, आणि त्यांचे एकही टोक मोकळे लोंबू न देणे हा या कामाचा गाभा आहे. स्ट्रट सुटला की चाकाचा हब ज्यात बसतो तो नकल आपल्या वजनाने बाहेर झुकतो आणि एक्सल ओढला जातो. गिअरबॉक्सच्या बाजूच्या सांध्यातले रोलर त्यांच्या खाचेतून निसटू शकतात आणि बाहेरून फक्त रबरी बूट ताणलेला दिसतो. तो सांधा पुन्हा नीट बसवायचा तर बूट उघडून ग्रीस भरण्यापर्यंत काम वाढते. म्हणून बोल्ट काढण्याआधीच नकलचे वरचे टोक जाड तारेने किंवा मजबूत दोरीने आतल्या बाजूला बांधून ठेवावे आणि लोअर आर्मखाली (नकलला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याखाली) दुसरा जॅक नुसता टेकवावा.

सुटे भाग मागवताना चॅसिस नंबर देऊनच मागवावेत. एकाच नावाच्या गाडीचे टू व्हील ड्राइव्ह आणि ऑल व्हील ड्राइव्ह प्रकार मागून पूर्णपणे वेगळे असू शकतात. रेनो डस्टर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. भाग नेहमी जोडीनेच बदलावेत, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. स्ट्रटबरोबर वरचे माउंट (स्ट्रट गाडीच्या सांगाड्याला धरणारा भाग), त्याचे बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळरोधक रबर हेही नवे घ्यावे, कारण जुन्या बेअरिंगवर नवा स्ट्रट बसवला तर स्टिअरिंग वळवताना कटकट आवाज येत राहतो आणि तेच सगळे काम पुन्हा करावे लागते.

जागा निवडताना घाई करू नये. अंगणात काळी माती असेल तर तिथे जॅक लावूच नये. वरून कडक दिसणारी जमीन भाराखाली खचते आणि स्टँड तिरका होतो. कोबा किंवा फरशीखाली भक्कम काँक्रीट असलेली सपाट जागाच हवी. जळगाव-धुळ्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा काम पहाटे सुरू करून उन्हापूर्वी आटोपावे, कारण तापलेल्या लोखंडावर हात ठरत नाही आणि घामाने निसरडा झालेला पाना बोटे सोलतो. हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत. काही चाके उचललेली असताना इंजिन सुरू करून गिअर कदापि टाकू नये. जमिनीवरच्या चाकांनाही ताकद मिळते आणि गाडी स्टँडवरून उडी घेऊ शकते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत. मग पुढची दोन्ही चाके एकदमच उचलून गाडी स्टँडवर ठेवावी. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारवर (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) ताण राहतो आणि तो स्ट्रटला जोडणारा लिंक रॉड सहज सुटत नाही. स्ट्रटला अडकवलेला ब्रेकचा होज आणि चाकाची गती मोजणाऱ्या एबीएस सेन्सरची वायर आधी मोकळी करावी. बहुतेक ऑल व्हील ड्राइव्ह यंत्रणा चारही चाकांच्या सेन्सरवर अवलंबून असतात, त्यामुळे एक वायर तुटली तर एबीएसच्या दिव्याबरोबर मागच्या चाकांची ताकदही बंद पडू शकते.

त्यानंतर स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टभोवती खडूने किंवा पांढऱ्या रंगाने खुणा कराव्यात, म्हणजे चाकाचा कल साधारण पूर्वीसारखा बसवता येतो. आटे गंजले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. खालचे बोल्ट निघाले की बॉनेटखालचे माउंटचे नट सोडावेत. शेवटचा नट काढताना एका हाताने स्ट्रट धरून ठेवावा, कारण तो जड असतो आणि निसटला तर थेट एक्सलच्या बुटावर आदळतो. माउंटच्या मधला मोठा नट मात्र स्ट्रट गाडीवर असताना किंवा स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळून धरलेली नसताना मुळीच खोलू नये.

या स्प्रिंगबाबत माझे मत ठाम आहे. तिच्यात शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो आणि स्प्रिंग दाबणाऱ्या स्वस्त कॉम्प्रेसरचा एक हूक घसरला तरी जीवावर बेतू शकते. ज्याने हे काम अनुभवी माणसाच्या हाताखाली केलेले नाही, त्याने सुटा काढलेला स्ट्रट गॅरेजमध्ये नेऊन प्रेसवर स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवून घ्यावी किंवा स्प्रिंगसह तयार संच विकत घ्यावा. स्वतः जोडायचेच असेल तर स्प्रिंगचे टोक खालच्या बशीतल्या पायरीला नीट टेकले आहे याची खात्री करावी. मधला नट कसताना दांडा एलन कीने धरावा. पकडीने धरल्यास क्रोमवर ओरखडा उठतो आणि तो सील कापत राहतो.

मागच्या बाजूला पुष्कळ गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळे असतात आणि काम सोपे होते, पण शॉकॲब्सॉर्बरच कंट्रोल आर्मला खाली जाण्यापासून अडवत असतो. आर्मखाली जॅक न लावता खालचा बोल्ट काढला तर आर्म झटक्यात खाली येतो, स्प्रिंग निसटू शकते आणि मागचा एक्सल व ब्रेकचा होज दोन्ही ताणले जातात. जॅकने आर्म किंचित वर घेतला की बोल्टवरचा भार उतरतो आणि तो हाताने फिरतो. घण मारावा लागत असेल तर भार अजून उतरलेला नाही असे समजावे.

जोडताना सर्व बोल्ट आधी हाताने आट्यात बसवावेत आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क पान्याने कसावेत. रबरी बुश (सांध्यातली रबराची नळी) असलेले बोल्ट मात्र गाडी लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. जॅकने सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणून, किंवा गाडी खाली उतरवून, मगच आवळावेत. नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाके लावण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज आणि वायर कुठे घासत नाहीत हे पाहावे.

पहिली फेरी गावातल्या ओळखीच्या रस्त्यावर सावकाश मारावी आणि सुमारे ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत. खुणा कितीही काळजीने केल्या असल्या तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून घ्यावीच, आणि मागचे सस्पेन्शनही स्वतंत्र असेल तर चारही चाकांची करावी. काढलेल्या जुन्या नळ्या वेल्डिंगच्या दुकानात कापायला देऊ नयेत, कारण गॅस शॉकॲब्सॉर्बरमध्ये दाबाखालचा नायट्रोजन आणि तेल असते. आत गॅस आहे हे भंगारवाल्याला स्पष्ट सांगूनच त्या द्याव्यात.