पडीक मसल कार: उभी करावी की सोडून द्यावी?

वर्षानुवर्षे शेडमध्ये धूळ खात पडलेली मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी ताकदवान अमेरिकी गाडी, पाहायला गेलेला माणूस बहुधा सर्वांत आधी बॉनेट उघडतो. इंजिन जागेवर आहे आणि हाताने फिरते आहे एवढे दिसले की त्याचा निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या या अमेरिकी गाड्यांचे इंजिन दुरुस्त करता येते आणि बहुतेक वेळा बदलताही येते. गाडी वाचवण्याजोगी आहे की नाही हे मात्र तिच्या कागदांवर आणि पत्र्यावर ठरते. म्हणून पाहणीची सुरुवात या दोन गोष्टींपासून करावी आणि बॉनेट सर्वांत शेवटी उघडावे.

कागदांमध्ये पहिला प्रश्न मालकीचा. अमेरिकेत गाडीचे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनुसार देते, त्यामुळे विक्रेत्याकडे टायटल नसेल आणि नुसती विक्रीची पावती असेल, तर पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे चौकशी करावी. काही राज्यांत बाँड भरून नवे टायटल मिळवता येते, पण त्याला वेळ लागतो आणि मधेच एखादा जुना वारस किंवा कर्जदाता हक्क सांगत उभा राहू शकतो. टायटल हातात आले की त्यावरचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-क्रमांक, गाडीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर लावून पडताळावा. आजचा सतरा अक्षरांचा व्हीआयएन १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, आणि त्या काळातल्या फोर्डच्या क्रमांकात अकरा, तर १९६६ पासूनच्या क्रायस्लरच्या क्रमांकात तेरा अक्षरे असत. क्रमांकाची पट्टी वाकलेली दिसली, तिच्याभोवती ताजा रंग दिसला किंवा तिचे रिव्हेट दुकानात मिळणाऱ्या साध्या रिव्हेटसारखे वाटले, तर तिथूनच परत फिरावे. व्हीआयएनमध्ये फेरफार करणे हा संघीय कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी गाडी पुढे जप्त झाली तर त्या वेळी तिच्यावर केलेला सगळा खर्चही बुडतो.

दुसरा प्रश्न असा, की गाडी खरोखर तीच आहे का जी ती असल्याचे सांगितले जाते? पाँटिअॅकचेच उदाहरण घ्यावे. १९६४ आणि १९६५ साली जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हते, तर ल मान्स किंवा टेंपेस्ट घेताना निवडता येणारे पॅकेज होते, त्यामुळे त्या दोन वर्षांच्या व्हीआयएनवरून जीटीओ ओळखता येत नाही. १९६६ ते १९७१ या वर्षांत मात्र खऱ्या जीटीओचा क्रमांक २४२ ने सुरू होतो. शेव्ह्रोलेच्या शेव्हेल एसएसचे, म्हणजे शेव्हेलच्या ताकदवान आवृत्तीचे, याच्या अगदी उलट झाले. १९६८ पर्यंत व्हीआयएन एसएसची साक्ष देतो, १९६९ पासून एसएस हे पॅकेज झाल्यामुळे तो देत नाही, आणि म्हणूनच साध्या शेव्हेल मालिबूला एसएसची चिन्हे लावून विकणे सोपे झाले. क्रायस्लर आणि फोर्ड या बाबतीत दयाळू आहेत: त्यांच्या क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिन सांगते. १९७० च्या डॉज किंवा प्लिमथमध्ये, म्हणजे क्रायस्लरच्याच गाड्यांत, तिथे आर असेल तर गाडी कारखान्यातून ४२६ घनइंचांचे हेमी इंजिन घेऊन निघाली, व्ही असेल तर तीन कार्बोरेटरांचे ४४० घेऊन, आणि १९६५ च्या मस्टँगमध्ये तिथे के असेल तर ते जास्त ताकदीचे २८९ आहे.

जिथे क्रमांक पुरत नाही तिथे कागद शोधावेत. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची उत्पादन-माहिती मार्टी रिपोर्टच्या रूपाने मिळते, पाँटिअॅकची माहिती पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळते. क्रायस्लरच्या गाड्यांत कारखान्यातली जुळणीची यादी, जिला तिथले लोक ब्रॉडकास्ट शीट म्हणतात, कित्येकदा गाडीतच राहून गेलेली असते. मागची सीट उचलावी आणि उलटी करून तिच्या स्प्रिंगांमध्ये टॉर्च मारून पाहावे. पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूलाही ती सापडते. कागद पिवळा पडलेला आणि उंदरांनी कुरतडलेला असला, तरी घडी उघडण्याची घाई करू नये, कारण त्यावरच्या दोन ओळींनी गाडीची किंमत काही पटींनी बदलू शकते. साधी ल मान्स आणि खरी जीटीओ यांच्या पत्र्याला सारखेच तास लागतात, रंगही तेवढाच लागतो. फरक फक्त काम संपल्यावर मिळणाऱ्या किमतीत असतो. ओळख आधी पटवायची ती यासाठी.

आता पत्रा. इथे घाई केली तर पुढची काही वर्षे पस्तावण्यात जातात. मिशिगन, ओहायो किंवा न्यूयॉर्कच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीला खालून खाते. अॅरिझोनात पत्रा वाचतो, पण डॅशबोर्ड आणि सीटचे कापड उन्हाने तडकते. माझ्या दृष्टीने तडकलेला डॅशबोर्ड कधीही परवडला. सोबत एक छोटे लोहचुंबक कापडात गुंडाळून न्यावे आणि ते मागच्या चाकांच्या कमानीवर, दरवाज्यांच्या खालच्या कडेवर आणि मागच्या पंखांच्या तळाशी फिरवावे. जिथे ते पकड सोडते तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे.

बाहेरचे पत्रे मात्र दुय्यम आहेत. पाहायचा तो सांगाडा, आणि तो दोन प्रकारचा असतो. शेव्हेल, जीटीओ, ओल्ड्समोबिल ४४२ यांची बॉडी वेगळ्या चेसिसवर बसवलेली असते. त्यात मागच्या चाकांच्या आसपासची चेसिस, बॉडी माउंट, डिकीचा तळ आणि मागच्या काचेखालची पन्हळ तपासावी. छपरावर व्हिनाइल असेल तर त्याखाली ओल धरून राहते, म्हणून त्याच्या कडा बोटाने दाबून पाहाव्यात. कुरकुर ऐकू आली तर आत गंज आहे. मस्टँग, चार्जर, चॅलेंजर, बाराकुडा यांना वेगळी चेसिस नसते, तिथे पत्राच भार वाहतो, आणि कॅमेरोला फक्त पुढे वेगळी सबफ्रेम असते. अशा गाडीत टॉर्क बॉक्स (सांगाड्याचे कोपरे जोडणाऱ्या पेट्या), मागच्या रेल आणि मागच्या पानपट्ट्यांचे (लीफ स्प्रिंगांचे) आधार सडले असतील, किंवा क्रायस्लरच्या गाडीत टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणारी पुढची दांडी) धरणारा आडवा भाग गेला असेल, तर गाडी जिगवर, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या साच्यावर, बांधूनच सरळ करावी लागते. दरवाजा अर्धवट उघडून वर उचलून पाहावा, मग बंद करून त्याच्या चारही फटी सारख्या आहेत का ते पाहावे. फट वर निमुळती आणि खाली रुंद असेल, आणि बिजागरी मात्र घट्ट असेल, तर सांगाडा मधोमध खचला असण्याची शक्यता मोठी.

साठच्या दशकातल्या मस्टँगची एक जागा मुद्दाम तपासावी. पुढच्या काचेच्या तळाशी हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात आणि त्यांच्याखाली दोन पत्रे एकमेकांना वेल्ड करून एक बंद पोकळी केलेली असते. तिच्यात पाने साचतात, पानांत ओल राहते, आणि हवेच्या वाटेभोवतीची उभी कड आतून कुजते, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. मालकाची परवानगी घेऊन जाळीवर बादलीभर पाणी हळूहळू ओतावे आणि कुणाला तरी डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसवावे. पाणी पुढच्या चाकांमागून खाली जमिनीवर आले तर ठीक. पावलांशी ठिबकले, तर डझनावारी स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून ती पोकळी उघडावी लागेल आणि फरशीचा पत्राही बहुधा बदलावा लागेल.

गंजाइतकाच खर्च गहाळ भागांचा असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९६६ च्या एका मॉडेल वर्षात सहा लाखांहून अधिक मस्टँग तयार झाल्या, त्यामुळे तिचा जवळपास प्रत्येक पत्रा आज नव्याने बनवलेला मिळतो. तिची आणि पहिल्या पिढीच्या कॅमेरोची संपूर्ण बॉडीसुद्धा नवी मिळते. एएमसी, मर्क्युरी किंवा ब्यूक यांच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. दुर्मीळ गाडी किमती असते हे खरे, पण तिची एक ग्रिल किंवा मागच्या दिव्याची काच शोधण्यात वर्ष जाऊ शकते. म्हणून दुर्मीळ गाडी घ्यायची तर शक्य तितकी पूर्ण घ्यावी, आणि क्रोमच्या पट्ट्या, काचा, दिवे, डॅशमधले मीटर यांची यादी जागेवरच करावी.

आता बॉनेट उघडावे. बॅटरी जोडून स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल टाकावे, काही दिवस थांबावे आणि मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवून पाहावे. फिरले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही: साध्या शेव्ही ३५० किंवा फोर्ड ३०२ ची जागा घ्यायला तसेच दुसरे इंजिन मिळते. अपवाद एकच आणि तो मोठा आहे. गाडीची किंमत जर तिच्या मूळ इंजिनावर उभी असेल, जसे हेमीच्या किंवा १९७० च्या ४५४ एलएस६ च्या बाबतीत, तर ब्लॉकवर कोरलेला व्हीआयएनचा अंश गाडीशी जुळतो का आणि पाणी गोठून ब्लॉकला तडा गेलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय भावाची बोलणी करू नयेत.

हिशेब नेहमी शेवटाकडून मांडावा. तीच गाडी, त्याच इंजिनासह, चांगल्या चालत्या स्थितीत कितीला जाते हे हॅगर्टीच्या किंमत-तक्त्यातून आणि मेकम, बॅरेट-जॅक्सन यांच्या लिलावांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीतून काढावे. जाहिरातीतल्या अपेक्षा हिशेबात धरू नयेत. त्यातून पत्रा, रंग, क्रोम, अंतर्भाग, यांत्रिक काम आणि वाहतूक वजा करावी, आणि वर किमान पाव हिस्सा अडचणींसाठी ठेवावा. संपूर्ण रिस्टोरेशनला हजार तासांच्या घरात मजुरी सहज जाते. तासाला १०० डॉलर दर धरला तरी एक लाख डॉलर होतात, आणि त्यात सुट्या भागांचा एक पैसाही आलेला नाही. साधी सहा सिलिंडरची मस्टँग हा खर्च परत देणार नाही. खात्रीशीर कागद असलेली दुर्मीळ गाडी देऊ शकते. मधल्या सगळ्या गाड्यांचे उत्तर वेल्डिंग आणि रंगकाम आपण स्वतः करणार का, यावर अवलंबून असते. वडिलांची गाडी असेल तर तोटा मान्य करूनही ती उभी करावी, यात मला काहीच गैर वाटत नाही. फक्त तोटा किती, हे कामाला हात घालण्याआधी कागदावर लिहिलेले असावे.

कारखान्याचा मूळ रंग आणि मूळ सीट बऱ्यापैकी शिल्लक असतील, तर रिस्टोरेशनचा विचारच बाजूला ठेवावा. अशा गाडीचे ब्रेक, पेट्रोलची टाकी, नळ्या आणि टायर बदलून, ती हलक्या हाताने धुऊन चालती करावी. जाणकार संग्राहक अशा अस्पर्शित गाडीला नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त मानतात. याउलट सांगाडाच संपलेला असेल तर तिचे दरवाजे, काचा, मागचा अॅक्सल आणि क्रोम दुसऱ्या एखाद्या गाडीला जीव देऊ शकतात, आणि भागांसाठी विकणे हा पूर्णपणे सन्मानाचा निर्णय आहे. मात्र तिची व्हीआयएनची पट्टी काढून वेगळी विकू नये.

आणि गाडी घेतलीच, तर उत्साहात तिचा एकही बोल्ट लगेच सोडू नये. सुट्या करून खोक्यांत भरलेल्या अपुऱ्या गाड्या बाजारात नेहमी असतात आणि त्या जुळलेल्या, पण न चालणाऱ्या गाडीपेक्षा स्वस्त जातात, कारण घेणाऱ्याला कोणत्या खोक्यात काय नाही हे कळत नाही. आधी जागा, पैसे आणि पत्र्याचे काम करणारा कारागीर ठरवावा, प्रत्येक भागाचे फोटो काढावेत, आणि मगच पाना हातात घ्यावा.