कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर फिल्टर आणि डिटेक्टर कसे लावावेत

चित्र अंधूक आले की हात आधी गेनकडे, म्हणजे डिटेक्टरचा संकेत वाढवण्याच्या बटणाकडे जातो. पण काचेवरून परतणारा लेझर रंगद्रव्याच्या उजेडापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो. तो अडवल्याशिवाय गेन वाढवला तर वाढते ती नुसती धूसर पांढरट झाक.

फिल्टरचा कप्पा उघडण्याआधी लेझरचे शटर बंद करून डिटेक्टरचा व्होल्टेज शून्यावर आणावा. चालू पीएमटीवर (उजेड मोजणारी फोटोमल्टिप्लायर नळी) खोलीतला दिवा पडला तर ती कायमची बिघडू शकते. गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा डिटेक्टर जास्त संवेदनशील, म्हणून जास्त नाजूकही.

जीएफपी आणि एमचेरी ही हिरव्या आणि लाल रंगात चमकणाऱ्या प्रथिनांची जोडी घेऊ. लेझर ४८८ आणि ५६१ नॅनोमीटरचे. हिरव्यासाठी ५२५/५० फिल्टर, म्हणजे ५०० ते ५५० एवढी खिडकी. लालसाठी ६०५/७०, म्हणजे ५७० ते ६४०. दोन्ही वाटा वेगळ्या करायला मध्ये ५६०च्या आसपासचा डायक्रोइक (एक रंग परतवून दुसरा पार सोडणारा आरसा), ४५ अंशांत. लेझरच्या तरंगलांबीला फिल्टरची ओडी (उजेड अडवण्याचे माप) ६ असावी, म्हणजे दहा लाखांत एकच भाग पार होतो.

फिल्टर कडेने धरावा आणि खाचेत सपाट बसवावा. तिरका बसला की खिडकी कमी तरंगलांबीकडे सरकते. ५६१ आणि ५७० मध्ये अंतर अवघे ९ नॅनोमीटर असल्याने चूक लाल वाटेवर आधी दिसते. फिल्टरच्या कडेवरच्या बाणाचा अर्थ सगळे उत्पादक एकच लावत नाहीत, त्यामुळे माहितीपत्रक बघूनच दिशा ठरवावी.

कप्पा बंद करून चाचणी. लेझर बंद ठेवून नेहमीच्या गेनवर स्कॅन करावे आणि ऑफसेट (काळ्याची पातळी) असा ठेवावा की काळा भाग शून्याच्या किंचित वर राहील. खोलीतला दिवा घालवल्यावर आकडा उतरला तर कुठेतरी फट आहे. मग नुसती स्वच्छ काच ठेवून अगदी कमी शक्तीचा लेझर सोडावा आणि फोकस वर-खाली करावा. काचेच्या पृष्ठभागावर आल्यावरच चमक येऊन पुढे गेल्यावर विझत असेल, तर तो लेझरच झिरपतो आहे: फिल्टर चुकीचा, तिरका किंवा उलटा.

आता फक्त जीएफपी असलेली स्लाइड. ४८८ने उजळल्यावर लाल वाटेतही तिची आकृती दिसली तर तो दोष फिल्टरचा नाही. जीएफपीचा उजेडच ५७०च्या पलीकडे रेंगाळतो. खिडकी अरुंद करून हा प्रश्न पुरता सुटत नाही आणि उजेड मात्र वाया जातो. दोन्ही लेझर आलटून-पालटून चालवावेत आणि प्रत्येक वेळी त्या-त्या रंगाचाच डिटेक्टर वाचावा. तशीच फक्त एमचेरीची स्लाइडही तपासावी.

गेनची पाळी सगळ्यात शेवटी. पिनहोल (फोकसबाहेरचा उजेड अडवणारे छिद्र) १ एअरी युनिट, म्हणजे एका बिंदूच्या प्रतिमेतल्या मधल्या उजळ ठिपक्याएवढे ठेवावे. १२ बिटच्या चित्रात सर्वांत उजळ बिंदूही ४०९५ या कमाल आकड्याला टेकू नयेत. नमुन्यांची तुलना करायची असेल तर सर्वांत उजळ नमुन्यावर गेन ठरवावा आणि पुढे त्याला हात लावू नये.