सगळ्यात भारी हॉट रॉड इंजिन कोणतं? भांडायची रीत

कुर्ल्याला माझं बोरिंगचं वर्कशॉप आहे. ब्लॉक रिबोअर करणं, क्रँक घासणं, हेडचं फेसिंग, हा आमचा धंदा. रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून चारपाच जण बसतात आणि चहा यायच्या आत अमेरिकन व्ही-एटवरून, म्हणजे V आकारात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असलेल्या इंजिनावरून, जुंपते. एक स्पेअर पार्टवाला, एक बेस्टच्या डेपोतून रिटायर झालेला फिटर, एक बँकेतले साहेब आणि माझा भाचा. भाच्याने व्ही-एट फक्त मोबाइलवर ऐकलंय, आणि सगळ्यांत ठाम मत त्याचंच. वाद मस्त रंगतो, पण शिस्त नसेल तर दहा मिनिटांत गाडी 'आमच्या बुलेटचा आवाज' या स्टेशनावर जाऊन उभी राहते. ती शिस्त कशी लावायची, ते सांगतो.

आधी हद्द आखून घ्या. स्वस्तातली जुनी अमेरिकन गाडी घ्यायची, मडगार्डपासून जे जे उतरवता येईल ते उतरवून हलकी करायची, इंजिनाचं काम काढायचं आणि पळवायची, ती हॉट रॉड. कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशी सुकलेली तळी आहेत. त्यांच्या सपाट जमिनीवर पोरं वेळ लावून गाड्या पळवायची. त्यांच्या क्लबांनी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. महायुद्धाहून परतलेल्या जवानांनी नाद आणखी वाढवला, १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक भरला आणि १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) स्थापन होऊन ड्रॅग रेसिंगला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतींना, नियम आले. एवढं सांगितलं की फेरारी बाद, विमानाचं मर्लिन बाद. भाचा तरीही टोयोटाचं टू-जेझेड आणतोच. त्याला सांगायचं, त्याच्यासाठी वेगळा रविवार.

मग मोजपट्टी. निम्मी भांडणं होतात ती दोघं वेगवेगळ्या पट्टीने मोजत असतात म्हणून. एक म्हणतो सर्वांत ताकदवान, दुसरा म्हणतो ज्याने सुरुवात केली ते, तिसऱ्याला दिसायला देखणं हवं. प्रत्येकाने आपली पट्टी आधी बोलून दाखवायची आणि मध्येच बदलायची नाही. माझी पट्टी अशी: खिशात थोडे पैसे असलेल्या पोराला भंगारवाल्याकडून ते इंजिन मिळत होतं का, ते स्वतःच्या हाताने खोलता येत होतं का, आणि खोलल्यावर त्यातून कंपनीने दिली त्यापेक्षा किती ताकद निघत होती. शोरूममधल्या किमतीशी मला कर्तव्य नाही.

आकड्यांचे दोन नियम भिंतीवर लिहून ठेवा. क्युबिक इंचाचे सीसी करायला १६.४ ने गुणा, म्हणजे सगळ्यांना कळतं. साडेतीनशे क्युबिक इंच म्हणजे साधारण ५,७०० सीसी. आपल्या पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, यावरून अंदाज घ्या. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. अमेरिकेत १९७२ च्या आधीचे हॉर्सपॉवरचे आकडे 'ग्रॉस' असायचे: इंजिन टेस्ट स्टँडवर, पंखा नाही, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. नंतरचे 'नेट', म्हणजे गाडीत बसतं तसं सगळं लावून. त्यामुळे १९६६ च्या क्रायस्लर हेमीचे ४२५ आणि १९९७ च्या शेवरले एलएस-वनचे ३४५ शेजारीशेजारी मांडून 'बघा, जुनं ते सोनं' म्हणणाऱ्याचा चहा बंद करायचा.

आता उमेदवार. सुरुवात फोर्डच्या फ्लॅटहेडपासून करा, नाहीतर जुने लोक उठून जातील. १९३२ साल, मंदीचे दिवस, आणि फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-एट घातलं. २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. त्याआधी व्ही-एट होती, पण कॅडिलॅकसारख्या श्रीमंतांच्या गाड्यांत. फोर्डची खरी करामत ओतकामात आहे: दोन्ही बाजूंचे चार-चार सिलिंडर आणि क्रँककेस मिळून एकच ओतीव ब्लॉक, आणि तोही लाखोंच्या संख्येने. ज्याने कधी फाउंड्रीतून आलेला ब्लॉक हातात घेतला आहे, कोअर सरकल्याने एका बाजूची भिंत पातळ निघालेली पाहिली आहे, त्याला विचारा हे किती कठीण काम आहे.

व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, हेड म्हणजे नुसतं झाकण. आपल्याकडे जुन्या विलिस जीपवर हात चालवलेला कुठलाही मिस्त्री हे पटकन समजतो. जीपचं इंजिनही साइड व्हॉल्व्हच, चार सिलिंडरचं, २,१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. म्हणून सांगतो, फ्लॅटहेडवर बोलायचा हक्क मुंबईच्या मिस्त्रीला आहे.

फ्लॅटहेडच्या विरोधात बोलायचं असेल तर सायलेन्सर कसा, रंग कसा असल्या गोष्टींवर जाऊ नका. थेट एक्झॉस्टवर जा. व्हॉल्व्ह मधल्या बाजूला आणि धूर काढायचा बाहेरच्या बाजूने, म्हणून एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून जातात. इंजिन स्वतःच स्वतःचं पाणी तापवतं. त्यात मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच भोक. गरम झालं की ब्लॉकला व्हॉल्व्ह सीटपाशी तडा जातो. कॉम्प्रेशन वाढवायला जावं तर हवेचा रस्ता आवळतो. हे सगळं खरं आहे, आणि तरीही पोरांनी त्यातून काय काय काढलं! दोन-तीन कार्ब्युरेटरचे मॅनिफोल्ड (विक एडलब्रॉकचं नाव इथे घ्यायलाच हवं), मोठा बोअर, आणि १९४९ पासूनच्या मर्क्युरीचा (ही फोर्डचीच दुसरी गाडी) ४ इंच स्ट्रोकचा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये. हा शेवटचा जुगाड मला फार आवडतो, कारण त्यात कंपनीचाच पार्ट कंपनीच्याच दुसऱ्या गाडीत जातो, फक्त कंपनीला न विचारता. अमेरिकेत हे इंजिन १९५३ पर्यंत चाललं.

या टप्प्यावर कुणीतरी 'मग हेमी?' म्हणणार. म्हणू द्या, पण कोणतं हेमी ते विचारा. क्रायस्लरचं पहिलं फायरपॉवर १९५१ चं, ३३१ क्युबिक इंच, १८० हॉर्सपॉवर. त्याच वर्षी कॅडिलॅकचं व्ही-एटही नेमकं ३३१ चंच होतं आणि देत होतं १६०. माप तेच, वीस हॉर्सपॉवर जास्त. ते कुठून आले? कम्बश्चन चेंबर अर्ध्या गोलाचा (हेमी हे नाव त्यावरूनच), इनटेक आणि एक्झॉस्ट समोरासमोर कललेले, त्यामुळे व्हॉल्व्ह मोठे बसतात आणि हवा सरळ आत येऊन सरळ बाहेर जाते; प्लग जवळपास मधोमध. हेमीवाल्याचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, तो त्याला पूर्ण मांडू द्या. मग विचारा: प्रत्येक हेडला रॉकरचे दोन शाफ्ट, हेड रुंद आणि जड, बनवायला महाग, किती पोरांना परवडलं? ३५४ आणि ३९२ मापाची जुनी हेमी ड्रॅगवाल्यांनी उचलली, कारण नायट्रोमिथेन या शर्यतीच्या जहाल इंधनाचा मार सोसायची ताकद त्यांच्यात होती. १९६४ ला ४२६ क्युबिक इंचाचं दुसरं हेमी आलं आणि डेटोना ५०० मध्ये रिचर्ड पेटीने ते पहिलं आणलं.

इथे एक खोडसाळ प्रश्न राखून ठेवा. आजच्या टॉप फ्युएल, म्हणजे ड्रॅगच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या, गाडीचं इंजिन ४२६ हेमीच्याच रचनेवर आहे: पुशरॉड, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, जास्तीत जास्त ५०० क्युबिक इंच. पण ब्लॉकपासून हेडपर्यंत सगळं ॲल्युमिनियमचं आणि बाहेरच्या कारखान्यांत बनवलेलं, क्रायस्लरचा एक नटसुद्धा नाही. मग ते हेमी म्हणायचं की नाही? आमचा फिटर म्हणतो, नाही. बँकेतले साहेब म्हणतात, नकाशा बापाचा तर पोरगं बापाचंच. यावर एक पूर्ण संध्याकाळ जाते, तेव्हा भजी आधीच सांगून ठेवा.

माझं मत शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकला, आणि त्याची बाजू कशी मांडावी ते जरा सविस्तर सांगतो. १९५५, २६५ क्युबिक इंच, साध्या कार्ब्युरेटरवर १६२ हॉर्सपॉवर. इंजिनिअर एड कोल याच्यामागे होता; त्याआधी त्याने कॅडिलॅकच्या १९४९ च्या व्ही-एटवर काम केलेलं. ताकदीचा आकडा सांगून थांबू नका, आत शिरा. रॉकर शाफ्ट नाहीच. पत्र्यातून ठोकून काढलेला रॉकर, एका स्टडवर, गोळीवर झुलणारा. ऑइल पोकळ पुशरॉडमधून वर येतं, वेगळी पाइप नाही. डावं हेड उजवीकडे लागतं. इनटेक मॅनिफोल्डच सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या दरीचं झाकण. ओतकाम इतकं पातळ की शेवरलेच्या स्वतःच्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा हे आठ सिलिंडरचं हलकं. म्हणजे फोर्डच्या जुन्या बॉडीत घालायला सोपं, आणि पोरांनी तेच केलं. फोर्डवाले अजून चिडतात.

विरोधकांना एक हत्यार मीच देतो, कारण त्याशिवाय मजा नाही: पहिल्या वर्षाच्या २६५ ला ऑइल फिल्टर लावायची सोयच ब्लॉकमध्ये नव्हती. त्यावर उत्तर द्यायचं १९५७. तेच इंजिन २८३ चं झालं आणि फ्युएल इंजेक्शनवर २८३ हॉर्सपॉवर, क्युबिक इंचाला एक. पुढे ३२७, मग १९६७ च्या कॅमारोत ३५०. ब्लॉकची मूळ आखणी तीच, त्यामुळे एकाचं हेड, दुसऱ्याचा क्रँक असं जमवता येतं. माझ्या पट्टीवर हे इंजिन जिंकतं ते इथे.

आणि एक कागद. डिसेंबर १९५३ मध्ये झोरा आर्कस-डंटॉव्ह या इंजिनिअरने शेवरलेच्या मालक कंपनीत, जनरल मोटर्समध्ये, वरिष्ठांना टिपण लिहिलं. मुद्दा असा की हॉट रॉडवाली पोरं फोर्डमध्ये वाढतात, सगळे पार्ट फोर्डचे मिळतात. नवीन व्ही-एट येतंय तर त्याचे शर्यतीचे पार्ट कंपनीने स्वतः तयार ठेवावेत. हाच माणूस आधी भावासोबत फोर्ड फ्लॅटहेडसाठी आर्डन हेड बनवत होता, ज्यांनी व्हॉल्व्ह वर आणले आणि चेंबर अर्धगोल केला. फ्लॅटहेड, हेमीची कल्पना आणि शेवरले, तिन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेले. वाद तापला की हे बाहेर काढा. पाच मिनिटं कुणी बोलत नाही.

ओल्ड्समोबाइलचं १९४९ चं रॉकेट, ब्यूकचं नेलहेड, फोर्डचं ३०२, यांना एकेक फेरी द्या आणि पुढे सरका. सहा-एकाहत्तर ब्लोअरचं नाव कुणी घेतलं तर ते इंजिन नाही, इंजिनात हवा दाबून भरणारा पंप आहे, हे सांगा. तो जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेलवरून काढलेला आहे; नाव त्या डिझेलचं, सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ क्युबिक इंच.

मुंबईत हमखास येणारे दोन अडथळे. पहिला: 'माझ्या आजोबांकडे प्लिमथ होती.' असेल. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणी सुरू केली होती, कुर्ल्यात प्रीमियरने डॉज-प्लिमथ जोडल्या. पण तेव्हाच्या त्या प्लिमथमध्ये सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह असायचं. आजोबांना नमस्कार करा आणि हेमीवर बोलायचा परवाना त्यांच्या नावावर देऊ नका. दुसरा: 'मग आपण एक टाकूया ना जिप्सीत.' मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवा. आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदललं की पोलिसाआधी विमावाला हात वर करतो.

उरला भाचा आणि त्याचं एलएस. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस-वन ॲल्युमिनियमचं, आणि पुढे त्याचेच लोखंडी ब्लॉकवाले ५.३ लिटरचे भाऊ ट्रकमधून भंगारात आले. पोरं ते स्वस्तात उचलतात आणि टर्बो लावतात. "मामा, तुमच्याच पट्टीने माझं जिंकतं," तो म्हणतो. मी म्हणतो, दोन सिलिंडरच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोज, १९५५ मध्ये ४.४ इंच होतं, तुझ्या एलएसमध्येही ४.४ च आहे, म्हणजे मत माझ्याच पेटीत पडलं. तो म्हणतो, मग जुनं हेड माझ्या ब्लॉकवर बसवून दाखवा. बसत नाही. पार्टवाला सध्या त्याच्या बाजूला गेलाय.