मिसिंग शोधायला शिकताना: इंजिन ट्यूनिंगमध्ये नवीन असलेल्यांसाठी

जे नवीन मुलं हे काम शिकायला येतात त्यांच्यात एक गोष्ट हमखास दिसते, दुचाकी जरा मिसिंग मारली (मध्येच झटका खाऊन स्फोट चुकवला) की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरवर जातो. मी बरीच वर्षं हे काम करतोय आणि ठामपणे सांगतो की कार्बला हात शेवटी लावायचा. कारण ट्यूनिंग म्हणजे चांगलं इंजिन आणखी नीट चालवणं, आणि मिसिंग शोधणं म्हणजे बिघाड कुठाय ते बघणं, ही दोन वेगळी कामं आहेत. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) टाइट असताना किंवा हवा लीक होत असताना मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) सेट केलंत तर तो बिघाड फक्त झाकला जातो, आणि मग खरा बिघाड काढल्यावर गाडी अजूनच वाईट चालते.

म्हणून पाना उचलायच्या आधी प्रश्न विचारा. गाडी थंड असताना त्रास देते का गरम झाल्यावर? स्लोवर (ॲक्सिलरेटर सोडलेला असताना) बंद पडते, मधल्या रेसला झटके खाते का पूर्ण खेचल्यावर दम तोडते? याच्या आधी कोणी काय बदललं, काय धुतलं? अर्धं उत्तर इथेच मिळतं. उदाहरणार्थ गाडी थोडं अंतर मस्त चालते, मग हळूहळू दम जाऊन बंद, थोडा वेळ उभी केली की परत चालू. अशा वेळी पेट्रोल टाकीचं झाकण उघडून बघा. झाकण उघडं ठेवल्यावर नीट चालली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तेच जर गरम झाल्यावर स्पार्कच जात असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल तर कॉइल, पिकअप कॉइल (स्पार्कसाठी सिग्नल देणारी) किंवा सीडीआयवर (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) संशय घ्यायचा. दोन्हीचं लक्षण वरवर सारखंच दिसतं, म्हणून बंद पडली की लगेच स्पार्क बघायची सवय लावा, थंड झाल्यावर बघून उपयोग नाही.

प्लग काढून वाचायला शिका. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त (किंवा एअर फिल्टर चोक, किंवा स्पार्क कमजोर), पांढराफटक आणि भाजल्यासारखा म्हणजे मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी), आणि तेलाने ओला चिकट असेल तर रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील. फक्त एक लक्षात ठेवा, बराच वेळ स्लोवर उभी ठेवून प्लग काढलात तर तो स्लोचीच गोष्ट सांगणार, पूर्ण रेसची नाही. आणि अनलेडेड पेट्रोलवर रंग तितका ठळक येत नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. गॅप बऱ्याच गाड्यांना ०.६ ते ०.८ मिमीच्या आसपास असतो पण आपल्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तोच ठेवायचा. प्लग कॅपही तपासा, रेझिस्टर कॅप बहुतेक ५ किलो-ओहमच्या आसपास येते, मीटरवर खूपच जास्त किंवा ओपन दाखवली तर कॅप बदला.

आता टॅपेट. हे लोक टाळतात कारण आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक असं वाटतं, आणि मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय. ढिला टॅपेट खटखट करून स्वतःच सांगतो, पण टाइट झालेला गप्प असतो आणि जास्त नुकसान तोच करतो. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडमध्ये जायची ती जात नाही, आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गरम गाडी किकला त्रास देते, स्लो टिकत नाही, असं असेल तर आधी टॅपेट. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, पिस्टन टॉपला आणि तोही कॉम्प्रेशन स्ट्रोकचा. फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन टॉपला असल्याची) जुळली एवढ्यावर जाऊ नका, ती एक्झॉस्ट स्ट्रोकलाही जुळते, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) हाताने किंचित हलतात का ते बघा. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलकं घासत सरकलं पाहिजे, अडकायला नको. नट टाइट केल्यावर परत मोजा, टाइट करताना स्क्रू थोडा फिरतोच.

स्लोला रेस आपोआप वरखाली होते, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरायला वेळ लागतो, असं दिसलं की कार्ब आणि हेडमधला रबर बूट बघा. बारीक चिरा दाबल्याशिवाय दिसत नाहीत. चालू इंजिनवर बुटाभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला आणि रेस बदलली तर तिथूनच हवा चोरतेय, पण तो स्प्रे पेट घेतो म्हणून गरम बेंड पाइपपासून (सायलेन्सरचा पाइप) लांब आणि मोकळ्या हवेत.

हे सगळं ठीक निघालं, फिल्टर साफ आहे, पेट्रोल ताजं आहे, मगच कार्ब. साधारण पाव ॲक्सिलरेटरपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आणि मिक्श्चर स्क्रू, मध्ये नीडल, शेवटच्या पावात मेन जेट असं काम चालतं, म्हणजे त्रास कुठल्या भागात होतो त्यावरून काय उघडायचं ते ठरतं. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर बहुधा तो हवेचा, आत घेतला की मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. हलवायच्या आधी हलक्या हाताने आत बसवून किती आटे गेला ते लिहून ठेवा, जोर लावला तर टोक खराब होतं. इंजिन गरम करून थोडं थोडं फिरवत सगळ्यात जास्त आणि स्थिर रेस जिथे मिळते तिथे थांबा आणि मग स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणा. एका वेळी एकच बदल, मग चालवून बघा, मग पुढचा.

एवढं करूनही दम नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. वाढला तर रिंग आणि बोअर, जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथे जेट बदलून काहीही होणार नाही, इंजिन उघडावंच लागतं.

एफआय (फ्युएल इंजेक्शन, कार्ब नसलेल्या) गाडीत स्क्रू शोधत बसू नका, थ्रॉटल बॉडीवरचा कंपनीने सील केलेला स्टॉप स्क्रू तर अजिबात फिरवू नका. आधी बॅटरीचं व्होल्टेज, अर्थिंग आणि कनेक्टर बघा, मग फॉल्ट कोड. व्होल्टेज पडलं की पंपाचं प्रेशर आणि इंजेक्टर दोन्ही बिघडल्यासारखे वागतात आणि लोक चांगले पार्ट बदलत बसतात.