जर्मनीला निघालेल्या आपल्या पोरापोरींसाठी

सुट्टीला घरी आलो की संध्याकाळी बेळगावात, अनगोळच्या आमच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी येऊन बसतंच. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करणारा, नर्सिंग झालेली, खानापूरहून डिप्लोमाची फाईल घेऊन आलेला. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "महिन्याला किती पडतंय ओ?" आकडा सांगितला की लगेच रुपयांत गुणाकार होतो. मी बारा वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात आहे. तो गुणाकार मीही करून गेलो होतो, आणि पहिलं वर्षभर त्यानेच मला छळलं.

चार हजार युरो पगार ठरला तर कर आणि विम्याचे हप्ते कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण सव्वीसशे पडतात. त्यातला तिसरा हिस्सा, मोठ्या शहरात त्याहूनही जास्त, घरभाड्यात जातो. पण कापलेले पैसे जातात कुठे हे आधी समजून घ्या. दोन देशांतला मोठा फरक तिथेच आहे.

माझे वडील उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मी नववीत असताना त्यांच्या बोटांना लागलं. बारा दिवस घरी, बारा दिवसांचा पगार नाही. इथं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आहे, पण चार माणसांच्या वर्कशॉपला ते लागू नव्हतं. तेराव्या दिवशी पट्टी बांधलेला हात हँडलवर ठेवून ते सायकलवरून निघाले. आई दारात उभी होती, काही बोलली नाही.

तिकडे चौथ्या वर्षी मला न्यूमोनिया झाला. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मी कामावर गेलो, तर आमच्या माइस्टरने, म्हणजे फोरमनने, गेटवरूनच परत पाठवलं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची तारीख संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, म्हणाला. पाच आठवड्यांचा पूर्ण पगार मिळाला. त्यात कुणाचा उपकार नव्हता, कायदाच तसा आहे. आजारपणात सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे आरोग्य विमा त्यातला बराचसा भाग देतो. बायको कमावत नसेल तर ती आणि मुलं तुमच्याच सरकारी विम्यात येतात, वेगळा हप्ता नाही. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा. गेटवरून परत पाठवलं त्या दिवशी बसमध्ये मला वडिलांची ती पट्टी आठवत राहिली.

पाण्याचंही सांगतो. आपल्याकडे राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी कधी येणार यावर घराचं वेळापत्रक ठरतं. आई अजून पहाटे उठून नळाखाली घागर लावते. मी तिकडे पहिला महिनाभर रोज रात्री बादली भरून ठेवायचो. नळ उघडला की चोवीस तास पिण्याचं पाणी येतं यावर मनाचा विश्वासच बसत नव्हता.

आता दुसरी बाजू. इथं मुलाला ताप आला तर संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन रात्री गोळी पोटात असते. तिकडे त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. जीवावर बेतलं तर ११२ आणि ॲम्ब्युलन्स लगेच येते. दवाखाने बंद असताना साध्या दुखण्यासाठी ११६११७. हे दोन नंबर आजच पाठ करा. नळदुरुस्ती, सुतारकाम, केस कापणं, जिथं माणसाचा हात लागतो ते सगळं महाग आहे. मला सुरुवातीला याचा राग यायचा. पण तो नळवालाही माझ्यासारखीच भरपगारी रजा घेतो, हे कळल्यावर राग गेला.

एकटेपणा मात्र जड जातो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. अनगोळात दार उघडंच असतं, काकू आमटीची वाटी घेऊन न विचारता आत येतात. तिकडे शेजाऱ्याची पहिली भेट मला चिठ्ठीतून झाली. रविवारी दुपारी मी इडलीचं पीठ वाटत होतो, त्या आवाजाबद्दल होती. रविवार आणि रात्री दहानंतरची शांतता तिथं फार पाळतात. मी जाऊन माफी मागितली, वाटण शनिवारी करायला लागलो, आणि त्याच म्हाताऱ्या बाईंनी पुढे माझं जर्मन सुधारलं. आईवडील थकत चालले की रात्रीच्या फोनची भीती वाटते. ती कुठल्याही पगाराने जात नाही, हे निघण्याआधी घरच्यांशी बसून बोला.

भाषेचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. घरात मराठी, कचेरीत कन्नड. कन्नड वाचता न येणारा बाप नोटीस हातात धरून कसा उभा राहतो, हे आपण पाहिलंय. तिकडे सरकारी पत्रं टपालाने येतात, जर्मनमध्ये, आणि हरकत घ्यायला बहुधा एकच महिना मिळतो. पत्र न उघडता ठेवू नका. कामावर इंग्रजी चालतं असं एजंट सांगेल. शॉप फ्लोअरवर चालत नाही. जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी इथंच करा, त्यासाठी सहा महिने उशीर झाला तरी चालेल. तीन भाषांत वाढलेल्या आपल्या पोरांना चौथी जड जात नाही.

कागदपत्रांत आपली एक खास अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं. जुन्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि तिकडचा कारकून दोन वेगळी गावं समजतो. आडनावाच्या स्पेलिंगचंही तेच. हे सगळं निघण्याआधी जुळवून घ्या.

पोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. बाकीची बरीच कामं त्या कागदावर अडतात. घराची जाहिरात बघताना काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. वीज बहुधा वेगळी. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही. घर बघायच्या आधी पैसे मागणाऱ्याला एक सेंटही देऊ नका. माझ्या ओळखीच्या निपाणीच्या एका मुलाचे असेच गेले. बरीच घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय मिळतात, त्याचे पैसे बाजूला ठेवा. आपलं इथलं ड्रायव्हिंग लायसन्स तिकडे सहा महिनेच चालतं. गाडीची घाई नको, देशभर लोकल गाड्या, बस आणि ट्रामला चालणारा महिन्याचा पास २०२६ मध्ये ६३ युरोला आहे.

कुंदा, आपली ती दुधाची मिठाई, बॅगेत भरू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिकडे मनाई आहे, विमानतळावर काढून टाकतात. त्या जागी कुकरच्या दोन जादा रबरी रिंगा आणि आईने केलेला वर्षाचा मसाला घ्या.

मी पुढच्या रविवारपर्यंत अनगोळात आहे. सातनंतर या, आणि येताना जन्मदाखला, पासपोर्ट आणि मार्कशीट तिन्ही घेऊन या. आधी स्पेलिंग बघू, मग चहा.