गोळीच्या सवयीवरील पानाचे शीर्षक

ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांच्या सवयीविषयी सांगली जिल्ह्यासाठी संकेतस्थळ बनवताना मोठी अडचण अशी, की अनेक घरांत मोबाइल सामाईक असतो आणि ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द दिसताच माणूस लाजेने पान बंद करतो.

१. शीर्षकात ‘व्यसन’ न लिहिता, तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर धरून काम करणारी बाई विचारेल तसे ‘गोळी चुकली की अंग मोडून येते का?’ असे लिहावे.

२. त्याखालीच १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक, बोट लावताच फोन लागेल असा, ठळक ठेवावा.

‘गोळी आजच बंद करा’ असे मात्र कुठेही लिहू नये. अचानक थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास उसळतो, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करावी लागते.